उन्हातल्या मिनिटांचं मोजमाप

एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया हा दुर्मिळ विकार रक्ताचा, पण आग भोगते ती कातडी. हिमोग्लोबिनमधलं हीम घडताना शेवटच्या टप्प्यावर लोह बसवणारं विकर कमी पडतं, प्रोटोपॉर्फिरिन साठत जातं आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात असह्य दाह पेटतो. तो प्रकाश खिडकीच्या काचेतूनही आत येतो. लंडनच्या इयान मॅग्नस आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली या विकाराला स्वतंत्र ओळख दिली. त्यावरच्या बीटा-कॅरोटिन या गोळीचं कूळ मात्र जिवाणूंत सापडतं. कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यं (बीटा-कॅरोटिन त्यांतलंच एक) गमावलेले जिवाणू प्रकाश आणि प्राणवायू एकत्र येताच मरतात, हे १९५०च्या दशकात दिसलं. त्या संशोधनात असलेल्या मिशलिन मॅथ्यूज-रॉथ यांनी तोच धागा आधी उंदरांपर्यंत आणि १९७० साली रुग्णांपर्यंत नेला. पुढे बीटा-कॅरोटिन घेतलेल्या १३३ रुग्णांपैकी ८४ टक्क्यांची ऊन सोसण्याची क्षमता तिप्पट किंवा त्याहून अधिक झाल्याची नोंद झाली.

या आकड्याला तुलनेचा गटच नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. मॅग्नस यांचाही सहभाग असलेल्या १९७७ च्या नियंत्रित चाचणीत बीटा-कॅरोटिनचा ठळक फायदा दिसला नाही. पण म्हणून रुग्णांचा अनुभव खोटा ठरवणं मला पटत नाही. लहानपणापासून ऊन टाळत आलेल्या माणसाला आपल्या सोसण्याची मर्यादा कळणार कशी? औषधाच्या भरवशावर तो अंगणात उतरला, तर नोंदवहीत औषधाचा गुण आणि त्याचं धैर्य एकत्रच उतरतात. या उपचारांच्या इतिहासातला खरा अवघड शोध औषधाचा नसून मोजपट्टीचा आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

ही मोजपट्टी पुढच्या चाचण्यांत घडताना दिसते. डर्सिमेलागॉन ही त्वचेतलं मेलॅनिन वाढवणारी गोळी. तिच्या १०२ रुग्णांच्या, १६ आठवड्यांच्या चाचणीत पहिली झिणझिण किंवा खाज जाणवेपर्यंतचा उन्हातला वेळ मोजला. दाह होईपर्यंत कुणाला थांबावं लागलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा हा वेळ सुमारे तासाभराने वाढला. संवेदना ज्याची त्याची, तिच्यावर विसंबण्याऐवजी रक्तच का तपासू नये, असं कुणी विचारेल. प्रोटोपॉर्फिरिन घटवणाऱ्या बिटोपर्टिन या औषधाच्या एका चाचणीत तेही झालं. प्रोटोपॉर्फिरिन सुमारे ४० टक्क्यांनी घटलं, तरी वेदनेविना उन्हात काढलेल्या वेळात निर्णायक फरक दिसला नाही, कारण औषध नसलेली गोळी घेणारेही पूर्वीपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिले. रक्तातला आकडा आणि उन्हातली मिनिटं, दोन्ही सोबतच मोजायला हवीत.