जॉन बुलचं पोट

डिसेंबर १७९२. लंडनमध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराचं नवं चित्र छापून विक्रीला आलं. चित्राचे दोन भाग आहेत. डावीकडे एक फ्रेंच माणूस: हाडांचा सापळा, अंगावर चिंध्या, हातात कांद्याची पात. ती चावत चावत तो सांगतोय, की क्रांती झाल्यापासून आमच्याकडे नुसती चंगळ आहे. उजवीकडे इंग्रज जॉन बुल: टम्म पोट, पुढ्यात बीफचा भलाथोरला तुकडा. बीफ कापता कापता तो करवादतोय, की या सरकारच्या करांनी आम्हाला उपाशी मारलं.

आज फोनवर हे चित्र बघताना विनोद जाड्या माणसावर आहे असं वाटतं. थोडा आहेही. पण तेव्हाच्या लंडनकराला त्यातून एक सुखद गोष्टही कळत होती: आपण जाड आहोत, म्हणजे आपलं बरं चाललंय. आपल्याकडे ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात ना, तसा जॉन बुल हा खात्यापित्या देशाचा माणूस.

‘अमुक देशाचे लोक जाडे, तमुक देशाचे हडकुळे’ हे विनोद आजही चालतात. त्यांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसत गेली. विनोद शरीरावर केलेला दिसतो, पण असतो ताटावर. कोणाच्या ताटात काय आहे आणि ते कोणाला परवडतं, यावर. ताट बदललं की विनोदाचा अर्थही बदलतो.

बीफचा अभिमान

जॉन बुल हे पात्र १७१२ मध्ये जॉन आर्बथनॉट या स्कॉटिश डॉक्टरने जन्माला घातलं. १७४८ मध्ये विल्यम हॉगर्थने फ्रान्समधल्या कॅले शहराच्या वेशीचं चित्र काढलं. त्यात इंग्लंडहून आलेला बीफचा प्रचंड तुकडा कोणीतरी वाहून नेतोय. भोवती पातळ सूपवर जगणारे फ्रेंच सैनिक आशाळभूतपणे बघताहेत, आणि एक गलेलठ्ठ पाद्री त्या मांसाला बोट लावून बघतोय. म्हणजे फ्रान्समध्येही जाड माणूस होताच, पण तो लोकांच्या जिवावर खाणारा. इंग्लंडमध्ये मात्र साधा माणूसही पोटभर खातो, असा या चित्रांचा दावा. इंग्लंडमधला शेतमजूर काही रोज बीफ खात नव्हता. पण स्टिरिओटाइपला सर्वेक्षण लागत नाही.

या अभिमानाचं टोक म्हणजे डॅनियल लॅम्बर्ट. लेस्टरच्या या माजी तुरुंगाधिकाऱ्याचं वजन १८०९ मध्ये मृत्यूच्या वेळी सुमारे ३३५ किलो होतं. १८०६ मध्ये तो लंडनला आला आणि लोक एक शिलिंग देऊन त्याला बघायला रांगा लावू लागले. व्यंगचित्रकारांनी तर त्याला थेट नेपोलियनसमोर उभं केलं: हा बघ आमचा माणूस! लॅम्बर्टला स्वतःला लोकांच्या नजरा नकोशा वाटत. पैसे संपले म्हणून तो प्रदर्शनाला तयार झाला होता. देशाला त्याच्या पोटाचा अभिमान होता, पण ते पोट वागवायचं होतं त्याला एकट्याला.

पन्नास-साठ वर्षांत काय झालं?

१८६३ मध्ये विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या एका निवृत्त गृहस्थाने एक छोटी पुस्तिका छापून फुकट वाटली. त्याच्या घराण्याचा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा धंदा होता, राजघराण्यातले अंत्यविधीसुद्धा त्यांनी सांभाळले होते. बँटिंगची उंची पाच फूट पाच इंच, वजन सुमारे ९२ किलो. लॅम्बर्टच्या तुलनेत काहीच नाही. तरी रस्त्यात, गाडीत, चारचौघांत लोक टोमणे मारतात, असं त्याने लिहिलं. ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडून त्याने साधारण वर्षभरात वीसेक किलो वजन उतरवलं. पुस्तिका इतकी गाजली की इंग्रजीत ‘बँटिंग’ म्हणजे डाएट असा शब्द रूढ झाला. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही ‘बांता’ म्हणतात.

लॅम्बर्टसाठी तिकीट काढणाऱ्यांची नातवंडं बँटिंगला हसत होती. मधल्या काळात कारखाने आले, रेल्वे आली, १८४६ मध्ये परदेशी धान्यावरचे जाचक कर उठवायचा कायदा झाला, साखर स्वस्त होत गेली. बसून काम करणारा आणि पोटभर खाणारा मध्यमवर्ग वाढला. माझ्या मते खरी गोम इथे आहे. जे पोट आता कारकुनालाही सुटू शकत होतं, ते श्रीमंतीची खूण कशी राहणार?

चित्र बदललं, किंवा कॅप्शन

तेव्हा अमेरिका हा ‘बारीक’ देश होता. अंकल सॅम आठवा: लांबुडका, गालफडं बसलेला. थॉमस नास्टच्या चित्रांनी त्याचं हे रूप पक्कं केलं. नास्टचा गाजलेला जाड माणूस म्हणजे न्यूयॉर्कचा भ्रष्ट पुढारी बॉस ट्वीड. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी अमेरिकन वाचकांना कॅलरी मोजायला शिकवलं. देश धान्य वाचवत असताना अंगावर चरबी बाळगणं म्हणजे जवळजवळ साठेबाजी, असा त्यांचा सूर होता. आज त्याच अमेरिकेत दर पाच प्रौढांमागे साधारण दोघे लठ्ठ गटात मोडतात आणि ‘जाडा अमेरिकन’ हा जगभरचा विनोद आहे. तिथे कॅलरी स्वस्त झाल्या. ताजी भाजी, मोकळा वेळ आणि चालायला फुटपाथ या गोष्टी महाग झाल्या.

फ्रेंच माणसाचं उलट झालं. त्याचं चित्र तेच राहिलं, कॅप्शन बदललं. गिलरेच्या चित्रात तो उपाशी म्हणून बारीक होता. २००५ च्या सुमारास फ्रेंच बायका जाड का होत नाहीत हे सांगणारं पुस्तक बेस्टसेलर झालं, त्यात बारीक असणं म्हणजे अभिरुची. आपल्या घरातही हे घडतंच. आजी काळजीने ‘वाळलास की रे’ म्हणते. तेच वाक्य जिममधल्या मित्राने म्हटलं तर आपण खूश होतो.

हार्डकोड केलेला आकडा

मग विज्ञान यातून सुटलं का? मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला बीएमआय हे एका ओळीचं फंक्शन दिसतं: किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे नातं १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञ-संख्याशास्त्रज्ञाने मांडलं. तो ‘सरासरी माणूस’ शोधत होता, लठ्ठपणा नाही. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासून त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. ते देश होते अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नव्हता, आणि स्त्रियाही नव्हत्या.

फॉर्म्युला तोच राहिला तरी मर्यादा बदलत गेल्या. १९९८ मध्ये अमेरिकेने ‘ओव्हरवेट’ची रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ वरून सरसकट २५ वर आणली. एका रात्रीत कोट्यवधी लोक एक घासही जास्त न खाता ओव्हरवेट झाले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी ही रेषा २३ ठरवली. माझ्या ऑफिसच्या हेल्थ चेकअपच्या रिपोर्टवर माझा बीएमआय २३.८ आहे आणि शेजारी हिरव्या रंगात ‘नॉर्मल’. त्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी २५ हा आकडा हार्डकोड केलाय. फिरंगी शरीरासाठी ठरवलेली डिफॉल्ट व्हॅल्यू आम्ही विनातक्रार चालवतोय.

हडकुळा भारतीय

इंग्रजांच्या ताटाची छाया आपल्यावर आधीपासून आहे. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय, की त्यांच्या लहानपणी नर्मद या गुजराती कवीच्या ओळी शाळकरी पोरांच्या तोंडी होत्या. मांस खातो म्हणून इंग्रज धिप्पाड आणि म्हणून तो राज्य करतो, असा त्यांचा आशय. पोरगेल्या मोहनदासने चोरून मांस खाल्लं त्यामागे ही समजूतही होती. जॉन बुलचं बीफ राजकोटपर्यंत पोचलं होतं.

आता आपणच म्हणतो, जाडे ते अमेरिकन, आपण तर काटकुळे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या टीमला पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही हेच दिसलं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारी, तरी आतून ‘जाड’ बाळं.

या चरबीवर व्यंगचित्र काढता येत नाही, कारण ती दिसत नाही. तिच्यावर कोणी हसत नाही आणि म्हणून कोणी जागंही होत नाही. थेट तिशी-चाळिशीत शुगरचा रिपोर्ट येतो. म्हणूनच आपले डॉक्टर आता वजनकाट्याबरोबर टेपही काढतात: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर, त्यापुढे सावध.

जॉन बुलचं पोट त्याच्या स्वतःच्या ताटातून आलं होतं. आपलं काही अंशी आपल्या आईच्या ताटातून येतं, कदाचित तिच्या आईच्याही. ती ताटं अर्धी रिकामी होती. हा इतिहास आपण अंगात घेऊन दिवसाचे दहा तास खुर्चीत बसतो आणि रात्री साडेअकराला बिर्याणी मागवतो.