कुडाची भिंत, डीडीटी आणि फ्लॅटमधला ढेकूण

१/ डहाणूच्या नव्या इमारतींतील एखाद्या फ्लॅटमध्ये ढेकूण निघाले की बाजारातून फवारा येतो. चार दिवस शांततेत जातात आणि पुन्हा गादीच्या शिवणीत तेच पाहुणे दिसू लागतात. दोष बाटलीला दिला जातो. या प्रश्नाचे मूळ मात्र बाटलीहून पुष्कळ जुने आहे. ते शोधायचे तर मित्रहो, सत्तर वर्षांपूर्वीच्या मातीच्या भिंतींपाशी जावे लागेल.

२/ डीडीटी हे रसायन १८७४ मध्येच तयार झाले होते. पण त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी ओळखला. १९४८ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. हिवताप पसरवणारी ॲनाफेलीस मादी रक्त शोषल्यावर जड होऊन जवळच्या भिंतीवर विसावते. त्या भिंतीवर डीडीटी असेल तर तिचा अंत तेथेच होतो. एकदा फवारलेल्या औषधाचा प्रभाव महिनोन्महिने टिके, हे त्याचे खरे सामर्थ्य.

३/ मुंबई प्रांतात दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घरोघरी फवारणी झाली. तिचे यश डोळ्यांत भरण्याजोगे होते. त्या काळी देशात दरवर्षी अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि ८ लाख दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डहाणू-तलासरीची जंगलपट्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

४/ आता इथले घर पाहा. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेण-मातीचा लेप. लग्नाच्या वेळी हीच भिंत सारवून, गेरू लावून तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. जगाला आज वारली चित्रकला ठाऊक आहे, ती या भिंतीमुळे. डीडीटीला मात्र अशी भिंत अडचणीची. एक तर माती औषध शोषून घेते, आणि दुसरे म्हणजे नवे सारवण त्याला थराखाली गाडून टाकते. म्हणून फवारणीनंतर भिंती सारवू नयेत, अशी सूचना दिली जाई. फवारणीचे वेळापत्रक सरकारचे होते. सारवणाचे मात्र सणांचे आणि लग्नसराईचे.

५/ कार्यक्रमाचे लक्ष्य डास होता, पण घरातील माणसे औषधाची परीक्षा ढेकणावरून करीत. आरंभी ढेकूण, पिसवा, माश्या साऱ्याच मेल्या आणि फवारणीचे स्वागत झाले. परंतु १९४७ मध्येच हवाई बेटांवर डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. पुढे इतरत्रही तेच घडले. असे ढेकूण औषधाने मरत नसत, उलट चवताळून फटींतून बाहेर येत. ‘फवारणीनेच ढेकूण वाढले’ असा लोकांचा समज झाला आणि अनेक देशांत पथकांसमोर दारे बंद होऊ लागली. अनुभव खरा होता. त्याला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

६/ १९६५ मध्ये देशातील रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली होती. १९७६ मध्ये ती सुमारे ६४ लाखांवर गेली. कारणे अनेक होती : डासांमधील प्रतिकारशक्ती, औषधाचा तुटवडा, यशानंतर आलेली शिथिलता आणि घरोघरचा नकार.

७/ आता पुन्हा फ्लॅटकडे. आजच्या बहुतेक घरगुती फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटातील रसायने असतात. ती आणि डीडीटी कीटकाच्या मज्जापेशीतील एकाच दारावर आघात करतात. त्या दाराच्या रचनेत बदल झालेला ढेकूण दोघांनाही दाद देत नाही. डीडीटीच्या काळात टिकलेल्या ढेकणांचा हा वारसा आजच्या पिढ्यांना उपयोगी पडला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

८/ म्हणूनच बाज कडक उन्हात टाकणे, तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे या जुन्या रीतींकडे नव्याने पाहायला हवे. सुमारे ५० अंश सेल्सिअसची उष्णता आतपर्यंत पोहोचली तर ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. रसायनाविरुद्धची प्रतिकारशक्ती तेथे कामी येत नाही. फ्लॅटमध्ये तेच काम गरम पाण्यातली धुलाई आणि वाफ करते. फटी बुजवणेही तितकेच आवश्यक. शिवाय कुडाचे घर सुटे होते, फ्लॅटची भिंत शेजाऱ्याशी सामायिक असते. एकट्याने केलेला उपाय पलीकडच्या घरातून निष्फळ होतो.

९/ फवारणी झालेल्या घराच्या भिंतीवर पथके तारीख नोंदवून जात. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना त्या अक्षरांविषयी अवश्य विचारा. आणि त्यानंतर भिंत सारवली होती का, हेही विचारा.