नाव झडण्याचे, काम तगण्याचे

‘ॲबसिसिक आम्ल’ या नावाने मला बरीच वर्षे फसवले. ‘ॲबसिशन’ म्हणजे झडणे. म्हणून हे पानगळीचे संप्रेरक, असे मी व्याख्यानांतूनही सांगत आलो. जुने शोधनिबंध वाचले तेव्हा चूक उमगली.

कॅलिफोर्नियात ॲडिकॉट यांचा गट कपाशीची कोवळी बोंडे का गळतात हे शोधत होता. १९६३मध्ये त्यांनी एक द्रव्य वेगळे केले : ‘ॲबसिसिन-२’. तिकडे वेल्समध्ये वेअरिंग सिकॅमोरच्या पानांत कळ्यांना निजवणारे ‘डॉर्मिन’ शोधत होते. १९६५मध्ये दोन्ही द्रव्ये एकच ठरली. नाव झडण्याचे राहिले. पाने-फळे गळण्यात मुख्य हात मात्र एथिलीनचा निघाला.

मग या आम्लाचे काम काय? १९६९मध्ये इंग्लंडात राइट यांनी गव्हाची तोडलेली पाने कोमेजू दिली. काही तासांतच त्यांतले हे आम्ल अनेक पटींनी वाढले. त्याने पर्णरंध्रे मिटतात, पाणी वाचते.

पुढे मुळेच हा निरोप वर धाडतात, असे मानले गेले. २००२मध्ये होलब्रुक आणि सहकाऱ्यांनी टोमॅटोचे निरोगी शेंडे हे आम्ल पुरेसे बनवू न शकणाऱ्या मुळांवर कलम केले. माती सुकली, तरी रंध्रे मिटली. तोडलेल्या गव्हाच्या पानाला तरी मूळ कुठे होते? पान आपल्याच पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांपासून हे आम्ल घडवते.

कोमेजलेले पान हरलेले नसते. ते पाणी राखत असते. माझ्या श्रोत्यांचे एवढे देणे होते.