पृष्ठवितळण, रेणवीय स्फटिकांचे

घन पदार्थाचा अंतर्भाग वितळण्याआधीच, म्हणजे वितळबिंदूच्या खालच्या तापमानाला, त्याच्या पृष्ठभागावर द्रवासारखा पातळ थर तयार होण्याच्या क्रियेला पृष्ठवितळण म्हणतात. बर्फ, घन मिथेन, बायफिनिल यांसारख्या रेणवीय स्फटिकांत रेणू व्हॅन डर वाल्स प्रेरणांनी किंवा हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला एका बाजूने शेजारीच नसतात. त्यामुळे त्याची पकड सैल असते आणि तोच आधी जागा सोडतो. द्रव गोठणबिंदूच्या बराच खाली न गोठता राहू शकतो, पण उघडा पृष्ठभाग असलेला घन पदार्थ वितळबिंदूच्या वर सहसा टिकत नाही. वितळण्याची सुरुवात पृष्ठभागावर आधीच झालेली असते, हे त्याचे कारण.

इतिहास : मायकेल फॅरडे यांनी 1850 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बर्फाचे दोन ओलसर तुकडे एकमेकांना टेकवताच चिकटतात, हे दाखवून दिले. किसलेला बर्फ काडीभोवती मुठीत दाबून गोळा करणारा गोळेवाला हाच गुण वापरतो. बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि दोन्ही बाजूंनी बर्फ आला की तो गोठतो, असे फॅरडे यांचे मत होते. जेम्स टॉमसन यांनी मात्र दाबामुळे वितळबिंदू उतरतो, यावर भर दिला. परंतु बर्फाचा वितळबिंदू 1 अंशाने उतरवायला सुमारे 135 वातावरण दाब लागतो, त्यामुळे नुसत्या टेकण्याने होणाऱ्या चिकटण्याचा उलगडा दाबाने होत नाही.

ओले होण्याची अट : स्फटिक आपल्याच द्रवाने पूर्ण ओला होतो का, हा येथील मूळ प्रश्न आहे. घन–वायू आंतरपृष्ठाची ऊर्जा ही घन–द्रव आणि द्रव–वायू या आंतरपृष्ठांच्या ऊर्जांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर पृष्ठभागावर द्रव पसरणे फायद्याचे ठरते. व्हॅन डर वाल्स प्रेरणांचा वरचष्मा असताना, वितळबिंदूपासूनचे अंतर 8 पटींनी घटले की थराची जाडी साधारण दुप्पट होते. पूर्ण ओला होणाऱ्या पृष्ठावर वितळबिंदूजवळ हा थर अमर्याद वाढत जातो. अपूर्ण ओला होणाऱ्यावर तो एका जाडीला थांबतो आणि उरलेला द्रव थेंबांच्या रूपात राहतो.

बर्फ : एल्बाउम व शिक यांनी 1991 मध्ये केलेल्या गणितानुसार बर्फ स्वतःच्या पाण्याने पूर्ण ओला होत नाही, त्रिक बिंदूलाही (0.01° से.) थर सुमारे 3 नॅनोमीटरवर थांबतो. जपानमधील होक्काइडो विद्यापीठातील साझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रगत सूक्ष्मदर्शकातून वितळबिंदूजवळचा बर्फ पाहिला. एकाच पृष्ठावर त्यांना गोलसर थेंब आणि पातळ पापुद्रे असे द्रवकल्प थराचे दोन प्रकार दिसले.

उलट प्रकार : मेणात आढळणाऱ्या लांब साखळीच्या अल्केनांचे वर्तन याच्या अगदी उलटे असते. ज्यांत सुमारे 16 ते 50 कार्बन अणू असतात, त्यांच्या वितळलेल्या द्रवावर, वितळबिंदूच्या वर साधारण 3° से.पर्यंत, एका रेणूच्या जाडीचा स्फटिकी थर राहतो. यास पृष्ठगोठण म्हणतात.

महत्त्व : थंड प्रदेशांत हिवाळ्यात जमीन फुगून रस्ते उचलले जातात. गोठताना पाणी प्रसरण पावते म्हणून हे होते, असा समज होता. अमेरिकेतील स्टीफन टेबर यांनी 1930 च्या सुमारास पाण्याऐवजी गोठताना आकसणारे बेंझीन वापरले, तरी माती उचललीच गेली. बर्फ आणि मातीचा कण यांच्यामध्ये न गोठलेला पातळ थर टिकून राहतो, त्यातून खालचा द्रव वर ओढला जातो आणि गोठत जातो. रस्ता उचलला जातो तो त्यामुळे.