खिडकीपलीकडचें दप्तर

कल्याण सोडून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकापाठोपाठ लागतात. तेथील एखाद्या गृहस्थास आज आपल्या जमिनीचा सातबारा पाहावयाचा असल्यास तो घरच्या संगणकावर महाभूलेखाचें पान उघडतो. ठाणें जिल्हा निवडला कीं तालुक्यांची यादी पुढें येते. अंबरनाथ तालुका निवडला कीं गांवांचीं नांवें उमटतात. ही यादी कोठून येते? प्रश्न यंत्रविद्येचा दिसतो खरा. परंतु त्यामागें फार जुनी अडचण आहे. दप्तर एकीकडे, गरजू माणूस दुसरीकडे, आणि मध्यें केवळ एक खिडकी!

अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकीर्दींतला हा लेख ज्याला वाचावयाचा असेल, त्यानें त्या दगडापाशींच गेलें पाहिजे. पुढें दगडाच्या जागीं कागद आला, तरी नियम बदलला नाहीं. उताऱ्यासाठीं शेतकऱ्याला तलाठ्याच्या दारीं जावें लागे.

या अडचणीचें सर्वांत करुण रूप फाळणीनंतर दिसलें. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नगराची कोनशिला बसविण्यांत आली आणि उल्हासनगर हें नांव रूढ झालें. १९५० च्या कायद्यान्वयें निर्वासितांनीं मागें राहिलेल्या स्थावर मिळकतीबद्दल दावे मांडले. १९५४ च्या कायद्यानें भरपाईची व्यवस्था केली. अर्ज येथें भरावयाचा, आणि घर, शेत व त्यांचें मूळ दप्तर सरहद्दीपलीकडे! ज्याच्यापाशीं कागद नव्हता, त्याचें घर कधीं नव्हतेंच, असें कोण म्हणेल?

आतां संगणकाच्या खिडकीकडे वळूं. जागतिक जाळ्याची, म्हणजे वेबची, कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें जिनीव्हाजवळच्या सर्न संस्थेंत मांडली. आरंभीचीं पानें केवळ वाचण्यासाठीं होतीं. १९९३ च्या सुमारास पानावर रिकाम्या चौकटी आल्या आणि वाचकाला उलट कांहीं लिहितां येऊं लागलें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. परंतु त्या वेळच्या फॉर्मची रीत अशी कीं, एक चौकट भरून पाठविली म्हणजे सबंध पान नव्यानें येई. जणू प्रत्येक प्रश्नास कारकुनानें खिडकी लावून घ्यावी आणि पुन्हा उघडावी!

१९९९ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्यें एक नवी सोय आली. पान जागीं राहतें आणि ब्राउझर पाठीमागून दूरच्या सर्व्हरला लहानसा निरोप धाडतो: या जिल्ह्याचे तालुके कळवा. सर्व्हर तेवढीच यादी परत करतो. असे निरोप घेऊन उत्तर देणारी जी व्यवस्था, तीच वेब सर्व्हिस. या रीतीला जेसी जेम्स गॅरेट यांनीं २००५ मध्यें एजॅक्स हें नांव दिलें.

यांतला लाभ एका उदाहरणानें कळेल. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा झाला. तालुक्यांची यादी प्रत्येक पानांत लिहिलेली असेल, तर प्रत्येक पान दुरुस्त करावें लागेल. यादी वेब सर्व्हिस देत असेल, तर दप्तरांत एकदां केलेली दुरुस्ती सर्व फॉर्मना पोंचते. मात्र हें दार वाटेल त्यास उघडें नाहीं. एका स्थळावरच्या पानास दुसऱ्या स्थळाचें उत्तर त्या स्थळाच्या परवानगीवांचून ब्राउझर वाचूं देत नाहीं. ही परवानगी कशी द्यावी याचा सर्वमान्य संकेत जानेवारी २०१४ मध्यें ठरला.

आतां मुख्य मुद्दा. उत्तर न येण्याचीं कारणें भिन्न असतात. मागितलेली वस्तु सांपडली नाहीं, याला सर्व्हर ४०४ हा आंकडा देतो. सेवाच तूर्त बंद असेल, तर ५०३. तिसरा प्रकार असा कीं, उत्तर यथास्थित येतें, पण यादी रिकामी असते. निष्काळजीपणें बनविलेला फॉर्म या तिन्ही प्रसंगीं कोरी चौकट दाखवितो आणि समोरचा माणूस समजतो कीं आपलें नांवच नाहीं. वस्तुतः नगर भूमापन झालेल्या शहरी जागेचा दाखला मालमत्ता पत्रकांत असतो. तो सातबाऱ्यांत शोधून कसा सांपडावा? १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. खिडकींतून आलेलें उत्तर आतां दस्तऐवज ठरतें. म्हणून कोऱ्या चौकटीची जबाबदारीही वाढली आहे.

दगडापासून ब्राउझरपर्यंत खिडकी माणसाच्या जवळ येत गेली, ही मोठीच प्रगति होय. पण खिडकी दप्तराहून अधिक जाणत नाहीं. "नोंद नाहीं", "दप्तर बंद आहे" आणि "तुम्हीं चुकीच्या खिडकीशीं आलां आहां" हीं तीन उत्तरें स्वच्छ शब्दांत वेगळीं सांगणें, हें फॉर्म रचणाऱ्याचें पहिलें कर्तव्य आहे. ज्या नगरानें कागद मागें टाकून आलेलीं माणसें पाहिलीं, त्याला या भेदाचें मोल निराळें सांगावयास नको.