स्वमग्नता : बोलण्याआधीच्या खुणा ओळखा

‘मुलगे उशिराच बोलतात’, असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी आईवडिलांना धीर देतात. स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या बाबतीत मात्र या धीरापायी मोलाचा काळ वाया जाऊ शकतो. कारण तिच्या खुणा मूल बोलू लागण्याआधीच दिसू शकतात.

साधारण नऊ महिन्यांचे बाळ नावाने हाक मारताच वळून पाहते. वर्षाच्या सुमारास ते हात हलवून ‘टाटा’ करते. दीड वर्षाचे मूल खिडकीतला कावळा बोटाने दाखवते आणि आईनेही तो पाहिला ना, याची नजरेने खात्री करून घेते. असे घडत नसेल, तर सावध व्हावे. दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द न जोडणे, खेळण्यातील गाडीचे केवळ चाकच फिरवत बसणे, हीही लक्षणे असू शकतात. आलेले शब्द हरवू लागल्यास तपासणीस मुळीच विलंब करू नये.

एखादे लक्षण म्हणजे निदान नव्हे. बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची आणि सोबत श्रवणाचीही तपासणी करून घ्यावी. अनेक जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही सोय आहे.

स्वमग्नता संगोपनातील उणिवेमुळे किंवा लसीमुळे होत नाही. लसीशी तिचा संबंध सुचवणारा १९९८चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. त्यामुळे स्वतःला दोष देण्यात वेळ घालवू नये. अंतिम निदान होण्यापूर्वीही वाचा व वर्तन उपचार सुरू करता येतात.