पळीभर तेल आणि बीजगणित



नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ हरसूल आहे. उतारावर नागली-वरई, खाली खाचरांत भात, असा हा डोंगराळ मुलूख. अशा गावातला मुलगा किंवा मुलगी अकरावी-बारावीला गेली, की वहीत एक निराळीच भाषा दिसू लागते. क्षचा वर्ग, क्षचा घन, 'अवयव पाडा', 'आलेख काढा'. बाप वही उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, "पोरा, हे अवयव पाडून पोटाला काय मिळतं रे?" मुलगा गप्प बसतो. आणि खरे बोलायचे तर कित्येकदा गुरुजींनाही चटकन उत्तर सुचत नाही.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या घामातून शिक्षणाचा खर्च निघतो, त्याला तो विचारण्याचा हक्क आहे. परंतु आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलुखातल्या एका बाजारपेठेने या प्रश्नाचे उत्तर दगडावर कोरून ठेवले आहे. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे. हाताशी कागद-पेन्सिल असली तर घेऊन बसा, म्हणजे मधला हिशेबही बरोबर करता येईल.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे जुने ठिकाण आहे. पाटणादेवी म्हणून लोक ते ओळखतात. तेथील देवीच्या देवळातला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे आणला. लेख आहे इसवी सन १२०७ चा. देवगिरीला तेव्हा सिंघण यादव राज्य करीत होता. त्याच्या दरबारी चांगदेव नावाचा ज्योतिषी होता. हा चांगदेव म्हणजे थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव या मांडलिकाने त्या मठाला दान दिले.

शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांत आहे. पण व्यवहाराची गोष्ट आली तेथे लेखाने संस्कृत सोडले आणि जुन्या मराठीत बोलायला सुरुवात केली. कारण ती अट पाळायची होती बाजारातल्या माणसांनी. बाजारात येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर जात असे तो मठाला द्यायचा. आणि तेलाच्या दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचे.

पळीभर तेल! घाण्याचा बैल गोल गोल फिरतो आहे, तेली घाम पुसतो आहे, आणि त्या तेलातली एक पळी जाते ती गणिताच्या पाठशाळेच्या दिव्याला म्हणा, नाही तर भाताच्या पानात म्हणा. तेल्याला बीजगणित येत होते असे नाही. पण गावाच्या बाजाराने गणिताची शाळा पोसायची असते, हे त्या काळी ठरवले गेले आणि ते सर्वांना समजेल अशा बोलीत लिहिले गेले.

आता त्या शाळेत काय शिकवीत असतील ते पाहू. भास्कराचार्यांचा जन्म इसवी सन १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. बीजगणितात वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाचा पाचवा हिस्सा घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे, उरेल त्याचा वर्ग करायचा. तितकी वानरे गुहेत शिरली. बाकी एक वानर फांदीवर चढलेले दिसले. तर कळप किती वानरांचा?

आपण कळपाला क्ष म्हणू. भास्कराचार्य अव्यक्त राशीला 'यावत्तावत्' म्हणत आणि थोडक्यात 'या' असे लिहीत. सारी मांडणी करून छेद काढून टाकला, की हे समीकरण हाती येते :

क्ष² − ५५क्ष + २५० = ०

येथे आपली शाळा म्हणते, अवयव पाडा. म्हणजे काय करायचे? गुणाकार २५० आणि बेरीज ५५ येईल अशा दोन संख्या शोधायच्या. त्या ५० आणि ५. म्हणून डावी बाजू झाली (क्ष − ५०) गुणिले (क्ष − ५). आता दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांतली एक तरी शून्य असलीच पाहिजे. तेव्हा क्ष एक तर ५०, नाही तर ५. सगळी मख्खी येथेच आहे. एक अवघड प्रश्न फोडून दोन सोपे प्रश्न केले. मोठा ओंडका एकट्याने उचलत नाही, तो चिरून दोन फळ्या केल्या की पोरसुद्धा नेतो, तसेच हे.

भास्कराचार्यांची रीत थोडी निराळी होती. श्रीधराचार्यांपासून चालत आलेली ती वर्ग पुरा करण्याची रीत. दोन्ही बाजूंना चाराने गुणायचे, मग ५५ चा वर्ग ३०२५ मिळवायचा. एका बाजूला (२क्ष − ५५) याचा वर्ग येतो, दुसऱ्या बाजूला ३०२५ वजा १००० म्हणजे २०२५. त्याचे वर्गमूळ ४५. ते धन घेतले तर क्ष ५०, ऋण घेतले तर ५. हे ३०२५ आणि २०२५ दोन्ही आकडे लक्षात ठेवा, त्यांची पुढे गाठ पडायची आहे.

आता गंमत पाहा. कळप ५० चा धरला तर पाचवा हिस्सा १०, तीन गेले ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक मिळून ५०. हिशेब जुळला. कळप ५ चा धरला तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन कसे जायचे? उरले उणे दोन. त्याचा वर्ग चार, अधिक एक, पाच. आकडा जुळतो, पण उणे दोन वानरे कुणी पाहिली आहेत? भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर दडवले नाही. ते सांगितले आणि येथे ते घेऊ नये असेही सांगितले, कारण अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही. समीकरणाचे खरे आणि वानरांचे खरे, यांतला फरक त्यांनी विद्यार्थ्याच्या नजरेला आणून दिला. शिक्षकबंधूंनी हे ध्यानात घ्यावे. उत्तर काढणे निम्मे काम. ते मूळ गोष्टीला लावून पाहणे उरलेले निम्मे.

आलेख मात्र भास्कराचार्यांनी काढलेला नाही. बीजगणिताची राशी आणि कागदावरची रेषा यांची सोयरीक जुळली ती पुष्कळ पुढे, युरोपात. रने देकार्त या फ्रेंच पंडिताचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ सालचा. तेथून ही वाट रुंद होत गेली. आलेख आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. उलट दिशेनेही देवघेव झाली : भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे शाहजहानच्या काळात, १६३४ साली, फारसी भाषांतर झाले आणि १८१७ साली कोलब्रुकने ते इंग्रजीत नेले.

पण आलेख समजायला हरसूलच्या मुलाला युरोपात जायला नको. डोंगराळ मुलखात धरण बांधले की दरीत पाणी साठते. एका डोंगरावरून उतरून पलीकडच्या डोंगरावर चढणारी जुनी पाऊलवाट असते, तिचा मधला तुकडा पाण्याखाली जातो. आता असे समजा, की क्ष म्हणजे आडवे तोडलेले अंतर, बहुपदीची किंमत म्हणजे त्या ठिकाणची उंची, आणि शून्याची आडवी रेघ म्हणजे पाण्याची पातळी.

वानरांची बहुपदी घ्या. क्ष शून्य असता उंची २५०. क्ष ५ झाला की उंची शून्य, म्हणजे वाट पाण्याच्या काठाशी आली. क्ष १० ला ती २०० खाली, २० ला ४५० खाली. मग वर येऊ लागते : ४० ला ३५० खाली, आणि ५० ला पुन्हा काठ. सर्वांत खोल जागा दोन्ही काठांच्या बरोबर मध्यावर, साडेसत्तावीसला, तेथे ५०६ आणि पाव. हे बिंदू मांडून हाताने जोडले की वाटीसारखी वक्ररेषा दिसते. अवयव पाडणे म्हणजे हे दोन काठ आधीच ओळखणे. काठ समजले, की मधली दरी कोठे आहे हेही समजले. अवयव आणि आलेख हे दोन निराळे धडे नव्हेत; एकाच डोंगराकडे दोन बाजूंनी पाहणे आहे.

राशी चौथ्या घाताची असली तर? बीजगणितात तसेही एक उदाहरण आहे. आजच्या भाषेत मांडले तर :

क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९

पाहूनच छाती दडपते. भास्कराचार्यांनी दोन्ही बाजूंना ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवले. डावीकडे (क्ष² + १) याचा वर्ग झाला, उजवीकडे (२क्ष + १००) याचा. दोन वर्ग समान, म्हणून मुळे समान धरली, आणि क्ष² − २क्ष = ९९ एवढेच उरले. त्याचे उत्तर ११. नेमके हेच पद कसे सुचले? अशा ठिकाणी ठरीव नियम नाही, बुद्धीनेच वाट काढावी लागते, असा त्यांचा अभिप्राय आहे. आजच्या रीतीने दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पाडले तर (क्ष − ११), (क्ष + ९) आणि (क्ष² + २क्ष + १०१) असे तीन मिळतात. तिसरा कधीच शून्य होत नाही, कारण तो (क्ष + १) चा वर्ग अधिक १०० आहे. म्हणजे ही वाट उणे नऊला पाण्यात शिरते आणि अकराला बाहेर पडते. चौथ्या घाताची असूनही तिला काठ दोनच.

आता त्या २०२५ आणि ३०२५ कडे वळू. नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले. मठ नाही, दरबार नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. शाळा सांभाळून ते आकड्यांशी खेळत. त्यांच्या ध्यानात आले, की ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. वानरांच्या उदाहरणात हेच दोन वर्ग यावेत हा निव्वळ योगायोग. पण वर्गात सांगण्याजोगा.

हे असे का घडते? येथेही अवयवच कामी येतात. वर्गाचे डावीकडचे दोन अंक मिळून 'अ' आणि उजवीकडचे मिळून 'ब' धरा. मग क्ष² = १००अ + ब, आणि क्ष = अ + ब. वजाबाकी केली की क्ष² − क्ष = ९९अ. डाव्या बाजूचे अवयव पाडा : क्ष गुणिले (क्ष − १). म्हणजे लागोपाठच्या दोन संख्यांच्या गुणाकाराला ९९ ने, अर्थात ९ ने आणि ११ ने, भाग गेला पाहिजे. ४५ मध्ये ९ आहे, ४४ मध्ये ११ आहे. ५५ मध्ये ११ आहे, ५४ मध्ये ९ आहे. आणि ९९ मध्ये दोन्ही आहेत. त्याचा वर्ग ९८०१, आणि ९८ अधिक १ पुन्हा ९९. दोन अंकी संख्यांत या तीनच. जी गोष्ट जादू वाटत होती, ती अवयव पाडताच उघडी झाली.

कापरेकरांनी ६१७४ या संख्येचा गुण १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पण पुष्कळ वर्षे त्यांच्या कामाकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले. पाटणला गाव शाळेच्या पाठीशी होते. देवळालीला एक शिक्षक एकट्याच्या हौसेवर उभा होता. विद्या दोन्हीकडे वाढली खरी, पण प्रत्येक गावाने कापरेकरांची वाट पाहत बसावे हे काही बरे नव्हे.

तेव्हा हरसूलच्या त्या बापाला काय सांगावे? अवयव पाडून आजच्या आज ताटात भाकरी पडत नाही, हे खरेच सांगावे. पण मोठी अडचण फोडून लहान करायची, उत्तर आले तरी ते खऱ्या गोष्टीला लावून पाहायचे, आणि आकड्यांतून डोळ्यांपुढे चित्र उभे करायचे, ही सवय शेताच्या, पाण्याच्या, कर्जाच्या कोणत्याही हिशेबात उपयोगी पडते. आज मोबाइल क्षणात आलेख काढून देतो. तरी पहिले दहा बिंदू मुलाने स्वतः मांडावेत, म्हणजे काठ कोठे आणि दरी कोठे हे त्याच्या हाताला कळते. आणि गावाने? घाणे राहिले नाहीत, पण आलेखाच्या वह्या, एक चांगला फळा, रात्रीच्या अभ्यासाला दिव्याखालची जागा, एवढे आजच्या बाजाराच्या ऐपतीत आहे. ती आपली पळी.

जाता जाता वानरांचेच दुसरे उदाहरण देतो, तेही बीजगणितातलेच. कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग केला तितकी वानरे रानात बागडत आहेत, आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. कळप केवढा? समीकरण मांडा, अवयव पाडा, आलेख काढा. काठ दोन येतील. यांतला एखादा येथेही टाकून द्यावा लागतो, की दोन्ही ठेवता येतात, हे मुलांनाच ठरवू द्या.